पुंडलिकभाऊंनी रंगवलेला कीबोर्ड

झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचं गाव असलेल्या वडशात आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. माणसं नाटकाचे बोर्ड छापायला येतात, छपाई होईपर्यंत बसतात आणि बसल्या बसल्या काहीतरी सांगून जातात. बोर्ड त्यांच्याबरोबर जातात, किस्से आमच्याकडे राहतात. हल्ली त्यातले बरेचसे माझ्या एका कीबोर्डचे आहेत.

*

कीबोर्ड मूळचा पांढरा, पण आता बिडी ओढणाऱ्याच्या दातांसारखा झालेला. नवीन घ्यावा, तर बोटं याच्यावरच बसलेली. म्हणून एका रविवारी तो घरी आणला, बटणं उपटली, स्क्रू काढले आणि कव्हर अंगणात ठेवून निळ्या स्प्रेचा डबा दाबला. वाऱ्याचं भान राहिलं नाही. कव्हरवर ओघळ आले आणि शेजारच्या कांताबाईंची पांढरी कोंबडी एका बाजूनं निळी झाली.

मी माफी मागायला गेलो. कांताबाई कोंबडीकडे पाहत म्हणाल्या, "राहू दे ना भाऊ. आता कोणाच्याबी अंगणात जाऊ दे, माहीच आहे म्हणून समजल."

*

ओघळ पाहून पुंडलिकभाऊ आठवले. तीस वर्षं त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. राजवाडा, जंगल, तुरुंग, सगळं हातानं. मग मंडळ्या छापील पडदे घेऊ लागल्या, आणि ते आमच्याच मशीनवर छापले जातात. तेव्हापासून भाऊ दुकानासमोरून जायचे, आत यायचे नाहीत.

मी कव्हर पिशवीत घालून त्यांच्या घरी गेलो. दारातच पिशवी पुढे केली. त्यांनी ती उघडली, ओघळांवरून बोट फिरवलं.

"काऊन इतकी घाई केली?"

"चुकलं, भाऊ."

"मी रंगाचं म्हणून राह्यलो," ते म्हणाले. "बाकीचं तुह्या हातात नव्हतं."

*

चार दिवस कव्हर त्यांच्याकडे होतं. आधी बारीक पॉलिश पेपरनं घासलं, धुतलं, सावलीत वाळवलं. मग दोन डबे घेऊन खाली शेंदरी, वर जांभळा असे पातळ हात दिले. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळूच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मला धीर निघेना. म्हटलं, पडदाही इतका वेळ घेत नसेल.

"पडदा लोक दुरून पाहतेत," भाऊ म्हणाले. "याले तू रोज हात लावशील."

*

कव्हर घरी आणलं, तेव्हा लक्षात आलं की बटणं काढण्याआधी मी फोटोच घेतला नव्हता. पंधरा वर्षं टाइप करतोय, पण कोणतं बटण कुठे ते सांगता येईना. बायको एकेक बटण उचलून विचारू लागली.

"'क' कुठी आहे?"

"मले नाई माहीत. 'कलाकार' लिहायले सांग, मग सांगतो."

अख्खी संध्याकाळ ती शब्द सांगत होती आणि मी डोळे मिटून मांडीवर टाइप करत होतो.

*

कीबोर्ड दुकानात लागला, तसे पुंडलिकभाऊ तो पाहायला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तेवढ्यात झिबलभाऊ आपल्या नाटकमंडळीचा बोर्ड छापायला आले. आयुष्यभर त्यांनी खलनायकाचं काम केलं. नावं सांगता सांगता ते थांबले आणि कीबोर्डवर वाकले.

"हे आभाळ कुठी भेटलं तुले?" ते म्हणाले. "शेवटच्या अंकात याच आभाळाखाली मी किती वर्षं मेलो."

"कुठी मेला तू?" पुंडलिकभाऊ स्टुलावरूनच म्हणाले. "मी विंगेतून पाहत होतो ना. एक डोळा उघडा ठेवून आभाळच पाहत पडून राहे."