बाबांसाठी बदललेले शेवट

बक्षीस मिळालेल्या गोष्टी मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. बक्षीस देणाऱ्यांना माणसं मारलेली फार आवडत असावीत. नांदुऱ्याच्या वाचनालयातून मी जो जाडजूड संग्रह आणला होता, त्यात जगभरातल्या नावाजलेल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा मराठीत केलेल्या होत्या. पहिल्या पाच गोष्टींत एकही माणूस धड घरी पोचला नाही. एका गावात विहिरीचं पाणी लोकांचे चेहरे पुसून टाकत होतं. दुसऱ्या गोष्टीतली बाई रोज सकाळी एका वर्षाने म्हातारी होऊन उठत होती. मला कुठली हौस असलं वाचायची? पण बाबांना रोज गोष्ट लागायची, आणि घरातली सगळी पुस्तकं त्यांची दोन-दोनदा ऐकून झाली होती.

बाबांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला, सरकी आणि रुईच्या धुळीत. मोतीबिंदू पिकून वाचता येईना, तरी ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. त्यात दिवाळीनंतर आवाज बसला तो बसलाच. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, तर आवाजाच्या पडद्यावर गाठ. तिचा तुकडा काढून त्यांनी तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी या म्हणाले. ते आठ दिवस मी शाळेतून आले की चहा टाकायचे आणि बाबांपाशी वाचायला बसायचे. घरात आम्ही दोघंच.

सुरुवात करायच्या आधी बाबा त्या फाटक्या आवाजात विचारायचे, "कोनी मरते का यात?"

"ऐका तर खरं," मी घाईघाईने म्हणायचे. कारण माझे डोळे आधीच पुढच्या पानावर गेलेले असायचे आणि तिथे कोणीतरी मरतच असायचं.

मग मी शेवट बदलायला लागले. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना बाहेर उभं करणारी मी मास्तरीण, घरी पुस्तकात बघून धडधडीत खोटं वाचू लागले. विहिरीवरच्या लोकांना चेहरे परत मिळाले. म्हातारी होणारी बाई एके सकाळी तरुण होऊन उठली. बाबांचा चेहरा सैल व्हायचा आणि मला बरं वाटायचं. पाठोपाठ भीतीही वाटायची, कारण त्या गाठीचा कागद काही मी लिहिणार नव्हते.

सगळ्यांत वाईट गोष्ट एका अंतराळयानाची होती. शंभर माणसं झोपलेली आणि एकटा पहारेकरी जागा. तो रोज यंत्राला विचारतो, सगळे ठीक आहेत ना? यंत्र म्हणतं, सगळे ठीक आहेत. शेवटच्या पानावर कळतं की ती माणसं केव्हाच मेली आहेत. खरं कळलं तर हा एकटा जगणार नाही, म्हणून यंत्र रोज खोटं बोलत आलंय. ते पान समोर आलं तसं मी पुस्तक जरा जवळ धरलं. मी म्हटलं, "मग सगळे जागे झाले आणि चहा मागायला लागले."

"चहा?" बाबा हसले, मग बराच वेळ खोकले. "तिकडं दूध कुठून आनलं वं?"

"पावडरचं," मी म्हटलं.

नवव्या दिवशी मी रजा टाकून एकटीच बुलढाण्याला गेले. बाबांना घाटातली बस सोसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते सोबत नकोच होते. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे. पण वाढतेय, उद्या श्वास अडेल. पुढच्या आठवड्यात आणा, काढून टाकू." मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते वैतागले. परतीच्या बसमध्ये मी तो कागद इतक्यांदा वाचला की घड्या मऊ पडल्या.

घरी शेजारचे चाचा बाबांच्या खाटेवर बसलेले होते. चाचा गाद्या भरतात, बाबांचे जुने दोस्त. त्यांच्या मांडीवर तो संग्रह उघडा होता.

"याले ती यानाची गोष्ट पुन्हा ऐकाची होती," चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्या वाचली, बेटी. शेवटपर्यंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र शांत होते. त्यांनी फक्त विचारलं, "कागद आनला?"

मी इंग्रजीतली ओळ न् ओळ मराठीत करून वाचली. एक शब्द गाळला नाही. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही; डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन, बस. वाचता वाचता माझा बांध फुटला. नऊ दिवस कोंडलेलं रडू होतं ते, निव्वळ आनंदाचं.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "छान वाचलं माय. आता रडू नको. ऑपरेशन कायले? जेवढे दिवस आहेत तेवढे घरीच राहू दे मले."

मी शपथा घेतल्या. कागद चाचांच्या हातात कोंबला. इंग्रजी त्यांना कुठलं येणार, त्यांनी तो उलटसुलट करून मला परत दिला. माझा संताप संताप झाला, बाबांवर नाही, स्वतःवर. मी मोबाईल काढला. "थांबा, डॉक्टरांनाच लावते. त्यांच्या तोंडून ऐका."

"डॉक्टरले तू सांगूनच आली असशील," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुह्या मायच्या वक्ताले म्या नव्हतं सांगतलं डॉक्टरले, की तिले आम्लपित्तच म्हना म्हनून? मरेपर्यंत बिचारी पित्ताच्या गोळ्या मागत राह्यली. आन् तिचा कागद तिले तूच वाचून दाखवला होता."