अंगठा की टीव्ही

"हाताला गरम लागल्याबिगर टीव्ही चालू झाला म्हनायचं न्हाई," असं म्हणत चाचा टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवून उभे राहायचे. ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात तसा. त्यांचा हात निघेपर्यंत हॉलमधल्या तेरा जणांनी वाट बघत बसायचं. मी घड्याळ दाखवायचे. ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

आधी हा हॉल आणि हे तेरा जण कुठले ते सांगते. इस्लामपुरात माझा टायपिंगचा क्लास आहे. जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप माझ्या धाकट्या भावानं काढला आणि पुण्याला बदली झाल्यावर माझ्या गळ्यात मारला. म्हणाला, "ताई, तू फक्त अ‍ॅडमिन. काही करावं लागत नाही." बायकांना अशी कामं देताना पुरुष हे वाक्य हमखास म्हणतात.

ग्रुपमध्ये दर महिन्याला एक चॅलेंज असायचं. विज्ञानकथेचा एक जुना गेम ठरवायचा: यानं, परग्रह, उल्का, हिरवे प्राणी. महिनाभर घरी सराव करायचा आणि शेवटच्या रविवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये, सगळ्यांनी एकाच टीव्हीवर खेळायचं. प्रत्येकाला तीन डाव, त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. यादी मी लिहायची. शिक्षक, औषधवाला, शेतकरी, सगळे चाळिशी ओलांडलेले. खेळताना आठ वर्षांचे व्हायचे आणि भांडताना पाच.

चाचा त्यांच्यात सगळ्यांत मोठे, सत्तरीला टेकलेले. आष्ट्यात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. सगळा ग्रुप त्यांना चाचाच म्हणायचा. यायचे ते स्वतःचा रिमोट पावाच्या पिशवीत घालून. गेमच्या त्या चौकोनी हँडलला आमच्याकडे रिमोटच म्हणतात. आल्यावर खुर्चीवर बसणं नाही. आधी माझ्या क्लासची एखादी वस्तू खोलणार. एकदा पंख्याचा रेग्युलेटर खोलला आणि स्क्रू मोजत बसले. "एक जादा आलाय, मॅडम." मी म्हटलं, "जादा कसा येईल? तो आतलाच असणार." तर म्हणाले, "कंपनीनं उगंच घातला असंल." पंखा अजून चालतोय, ही आणखी चीड आणणारी गोष्ट.

विज्ञानकथा हा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. यानातून गोळ्या झाडायच्या आधी ते चौकशी करायचे.

"ही हिरवी मानसं आपल्या हद्दीत आलीत, का आपुन त्यांच्या?"

"चाचा, खेळा हो," औषधवाला वैतागायचा.

"आवं पन इचारायला नको व्हय? आपुनच तिकडं गेलो असलो तर मारायचं कशापायी?"

मग यावर वाद. एकदा अर्धा तास त्यात गेला आणि शेवटी शिक्षकानं फळ्यावर हद्दीची आकृती काढली. असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी बैठकीत पाहिला असेल. सगळे कपाळाला हात लावतात आणि तो आला नाही की बैठक लवकर संपते, पण कुणाला बरं वाटत नाही.

खेळायचे मात्र झकास. पहिल्या पाचांत नेहमी, दोनदा तर दुसरे. उजवा अंगठा बटनावर असा बसायचा की उल्का नाकाशी येईपर्यंत हलायचा नाही. मग एकच टिचकी.

त्यांचा अंगठा थरथरतो हे मला चहामुळे कळलं. बशीत चहा सांडायला लागला होता. पुढं आष्ट्यातल्या एका तालीम मंडळाचा अँप्लिफायर त्यांनी दुरुस्त करून दिला आणि तो लावल्या लावल्या धुरानं भरला. एक तार चुकीच्या जागी डकवली गेली होती. त्यांचा मुलगा सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो. सरळ पोरगा आहे. तो वडिलांना म्हणाला, "अब्बा, आता दुकान बंद करा. कुणाला शॉक बसला तर?"

नेमकं त्याच सुमारास मी हॉलमधला टीव्ही बदलला होता. जुना डबा टीव्ही दोन खुर्च्यांची जागा खायचा. तो मागच्या खोलीत ढकलला आणि क्लाससाठी घेतलेला मोठा सपाट टीव्ही भिंतीवर लावला. जुना गेम त्याला थेट जोडता येईना, म्हणून मध्ये एक छोटी डबी मागवून बसवली. चित्र स्वच्छ. सगळे खूश.

चाचा सोडून. त्या महिन्यात ते नववे आले.

"बटन उशिरा लागतंय, मॅडम."

"बाकीच्यांचं कसं वेळेवर लागतंय?"

"ते मला काय ठावं? माझं उशिरा लागतंय."

पुढच्या महिन्यात दहावे. पुन्हा तेच वाक्य. औषधवाला त्यांच्या मागून हळूच नक्कल करायचा आणि लोक हसायचे. मीही हसले. खोटं कशाला सांगू?

मुलानं हे दोन्ही नंबर ऐकले आणि त्याला पुरावाच मिळाला. तेव्हा चाचांनीच पैज लावली, तीही हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. "फुडल्या महिन्याच्या रविवारी पैल्या तिघांत आलो तर ह्यो गप बसंल आन् दुकान चालू. न्हाई आलो तर चावी ह्येच्या हातात." मुलगा दाराशी उभा होता. त्यानं मान हलवली. मग चाचा माझ्याकडे वळले. "फकस्त माझा डाव जुन्या टीव्हीवर घ्या."

मी म्हटलं, "चाचा, सगळ्यांना एकच टीव्ही. नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी बदलला तर उद्या प्रत्येक जण घरून टीव्ही आणेल."

"हात न्हाई वो मॅडम, टीव्ही हाय."

"सगळे असंच म्हणतात."

त्या रविवारी ते नवा सदरा घालून आले. काही खोललं नाही. हद्दीचा प्रश्न विचारला नाही. उल्कांच्या पट्ट्यातून यान काढून तिसऱ्या ग्रहावर उतरवायचं होतं. पहिल्या डावात पट्ट्यातच आपटले, दुसऱ्यातही. तिसऱ्यात ग्रहापर्यंत गेले आणि उतरताना बटन दाबलेलं मला स्वतःला ऐकू आलं. यान मात्र सरळ खाली गेलं. मला वाटलं, दाबायला उशीर झाला. मी यादीत त्यांच्यापुढे अकरावा लिहिला. त्यांनी रिमोटची वायर गुंडाळली, तो पिशवीत घातला आणि मुलाच्या गाडीवर मागं बसले.

बारा दिवसांनी मी क्लासच्या मुलींना टायपिंग दाखवायला जुना कॉम्प्युटर त्याच डबीतून त्याच टीव्हीला जोडला. मी टाइप करतेय आणि अक्षर मागून येतंय. बोट उचललं की मग उमटतंय. चोवीस वर्षं टायपिंग शिकवणाऱ्या बाईला एवढं कळतं. मी मुलींना सोडलं, डबा टीव्ही मागून ओढत आणला आणि दोन्हींवर तो गेम लावून मोबाइलवर संथ गतीनं चित्रण केलं. डबा टीव्हीवर बटन दाबताच यान हलत होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर अंगठा खाली जाऊन परत वर आला तरी यान जागेवरच.

बाकीच्यांना त्रास का झाला नाही, हेही मग लक्षात आलं. सगळ्यांच्या घरी सपाट टीव्ही आणि तसल्याच डब्या. महिनाभरात त्यांची बोटं नकळत लवकर दाबायला शिकलेली. जुन्या डबा टीव्हीवर सराव करणारा माणूस एकच होता.

मी दुपारची एसटी धरून आष्ट्याला गेले. दुकानातली फडताळं निम्मी रिकामी झाली होती. मुलगा खोकी बांधत होता. जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या कुणालातरी द्यायची ठरली होती. मी दोघांना मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. चाचांनी ते तीनदा पाहिलं.

"मग म्या काय बोंबलत हुतो?"

"चुकलं माझं."

"ती डबी कितीची घेतली? मला इचारायचं तरी. असली डबी कोन घेतं?" मग त्यांनी दहा मिनिटं त्या डबीचा उद्धार केला. मी ऐकून घेतलं. माझी पाळी होती.

त्यांचं झाल्यावर मी म्हटलं, "चाचा, हा तुमचा टीव्ही इथं आहे. आत्ता खेळा. तीन डाव. मी स्वतः बघते आणि यादीत दुरुस्ती करते. पहिल्या तिघांत बसलात तर पैज तुमची."

मुलानं खोकं खाली ठेवलं. "खेळा अब्बा. मी शब्द फिरवणार नाही."

चाचांनी रिमोट हातात घेतला. मुलानं टीव्हीला गेम लावून दिला, यान उभं राहिलं. अंगठा बटनावर ठेवला. मी त्या अंगठ्याकडे बघत होते, मुलगाही बघत होता, आणि आम्ही बघतोय हे त्यांना कळत होतं. रिमोटचं प्लास्टिक बारीक आवाज करत होतं. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"न्हाई खेळत."

"अहो का?" मी खरंच चिडले. एवढ्या उन्हाचं आले होते. "आता तर टीव्हीची चूक सिद्ध झाली!"

"झाली न्हवं? मग तेवढंच लिवा."

"नुसतं तसं कसं लिहिणार? आकडा लागतो."

"मॅडम, तुमी नियमाची बाई. म्या आत्ता खेळलो आन् ह्या टीव्हीवरबी आपटलो, तर तुमी त्ये लिवाल का न्हाई?"

मी खोटं बोलू शकले असते. "लिहीन," म्हटलं.

"म्हनून न्हाई खेळत."

मुलानं खोक्याला पुन्हा सुतळी घातली. चाचांनी गाठीवर बोट धरलं. बोट हलत होतं, म्हणून मुलानं त्यावर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं गाठ मारली.

आता चाचा मिरजेला लेकीकडे असतात. त्या महिन्याची यादी मी दुरुस्त करून ग्रुपवर टाकली. अकरावा नंबर खोडला, पुढे लिहिलं, "हॉलमधला टीव्ही उशिरा दाखवत होता. चूक अ‍ॅडमिनची." आकड्याचा रकाना कोरा ठेवला. औषधवाल्यानं विचारलं, "मॅडम, चाचांचा स्कोअर टाकायचा राहिलाय का?"

मी लिहिलं, "नाही. तो तसाच आहे."