सिएनाच्या गल्लीत रिव्हर्स गिअर

सासूबाई आमच्याकडे क्युपर्टिनोला सहा महिने राहून पुण्याला परत निघाल्या, तेव्हा आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर निघालो. विमान रोमला थांबणारच होतं. नवरा म्हणाला, "मग चार दिवस इटली बघूनच पुढे जाऊ." सिएना त्यानेच निवडलं. त्याच्या ऑफिसातलं कोणीतरी तिथे जाऊन आलं होतं आणि त्या गावाबद्दल फार भरभरून बोलायचं. आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला डिस्नेलँडला जायचं होतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

नवऱ्याने कॅलिफोर्नियातूनच गाडी बुक केली होती. रोमच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने चावी पुढे केली आणि सांगितलं, "मॅन्युअल."

"मी ऑटोमॅटिक मागितली होती."

त्या माणसाने दोन्ही हात पसरले. ऑटोमॅटिक नव्हती. उद्याही नसणार होती.

माझा नवरा अमेरिकेत येऊन गाडी शिकला. पुण्यात त्याची सायकल होती, मग स्कूटर. क्लचवाली मोटार त्याने कधी चालवलीच नव्हती. तरी तो आत्मविश्वासाने बसला. गाडीने पार्किंगमध्ये दोनतीन उड्या मारल्या आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागच्या सीटवर सासूबाई पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आपण आगगाडीने जाऊ या का?"

"उतर," मी त्याला म्हटलं. "मी चालवते."

मी नागपूरची. माझ्या वडिलांची एक जुनी गाडी होती, आणि तिचं मूळ घराणं इटलीचंच. वडिलांनी मला कॉलेजात असताना सेमिनरी हिल्सच्या चढावर नेऊन ती शिकवली. मुद्दाम चढावर थांबवायचे आणि म्हणायचे, "आता ने पुढे. मागे नाही गेली पाहिजे." लग्नानंतर क्लचला पाय लागला नव्हता. अमेरिकेत मी रोज एकटी गाडी चालवत ऑफिसला जायची, पण घरचे सगळे बरोबर असले की स्टिअरिंगवर तो. असं कधी ठरलं नव्हतं, होऊन गेलं होतं.

नागपूरला गिअर स्टिअरिंगलाच, डाव्या हाताशी. इथे तो खाली, उजव्या हाताशी. पार्किंगमध्ये एक फेरी मारली, हाताला सवय झाली आणि पायाला तर सगळं आठवतच होतं. हायवेला लागलो तेव्हा मुलगी मागून म्हणाली, "वाव, मॉम!" नवरा नकाशा उलगडून माझ्या बाजूला बसला आणि वाटभर सूचना देत राहिला. "हळू घे." "ट्रक आहे." "उजवीकडे राहा." मी उजवीकडेच होते.

सिएना टेकडीवर आहे. जुन्या गावात गाड्या नेता येत नाहीत, बाहेर लावायच्या आणि चालत जायचं. पण सासूबाईंचे गुडघे दुखायचे. नवरा नकाशात बोट ठेवून म्हणाला, "या गल्लीने गेलं तर हॉटेलच्या दारात पोचू. आईला दारात सोडू आणि गाडी परत बाहेर आणू."

गल्ली उताराची होती. दोन्ही बाजूंना उंच विटांची घरं, वर दोरीवर वाळणारे कपडे. ती हळूहळू अरुंद होत गेली, मग वळली, आणि वळणापुढे पायऱ्या आल्या. सरळ खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या! मी ब्रेक दाबला.

नवऱ्याने नकाशा डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "नकाशात पायऱ्या दाखवलेल्या नाहीत."

आता मागे जायचं म्हणजे चढावर, वळणातून, रिव्हर्समध्ये. एका दुकानातून एप्रन बांधलेला म्हातारा बाहेर आला. समोरच्या खिडक्या उघडल्या. मुलगी सीटवर खाली सरकली. "मॉम, एव्हरीबडी इज स्टेअरिंग."

"बघू दे की."

नवरा म्हणाला, "थांब, मी उतरून कोणालातरी बोलावतो. इथल्या माणसाला घेऊ दे ना गाडी."

"तू उतर," मी म्हटलं, "आणि मागे उभा राहून भिंत किती लांब आहे तेवढं सांग. बाकी काही सांगू नको."

तो उतरला. मी गिअरची मूठ खाली दाबून रिव्हर्स टाकला. क्लच हळूहळू सोडला, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि मग हँडब्रेक सोडला. गाडी इंचभरही पुढे घसरली नाही. म्हातारा हाताने खुणा करत मागे मागे चालत होता आणि सारखा "पियानो, पियानो" म्हणत होता. माझी मुलगी पियानोच्या क्लासला जायची. ती हळूच डोकं वर काढून म्हणाली, "हाउ डझ ही नो?" ते म्हणजे 'सावकाश' हे आम्हाला नंतर जेवताना वेटरने सांगितलं.

वळणावर आरसा भिंतीला लागेल असं वाटलं, म्हणून तो आत दुमडला. क्लच जळल्याचा वास येत होता. एकदा थांबले, पुन्हा घेतली. वर मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ उभी केली तेव्हा वरच्या खिडकीतून एका बाईने टाळ्या वाजवल्या. मला अतिशय आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

नवरा धापा टाकत वर आला. भिंतीच्या चुन्याने त्याची पाठ पांढरी झाली होती. "भारी घेतलीस," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे मला कळलं.

गाडी वेशीबाहेर लावली आणि सासूबाईंचा हात धरून थांबत थांबत चढलो. त्या कुरकुरल्या नाहीत. गावाचा मोठा चौक आला तेव्हा त्या एकदम उभ्या राहिल्या. चौक विटांचा, एका बाजूला खोलगट उतरत गेलेला, कडेने रुंद. "अगं, हे तर सूप आहे!" त्या म्हणाल्या. खरंच, अगदी धान्य पाखडायचं सूप. लोक त्या उतारावर खुशाल पसरले होते. सासूबाईही साडी सावरून विटांवर बसल्या.

खाण्याची मला काळजी होती, कारण त्यांना अंडंही चालत नसे. पण त्या भागातल्या जाड शेवया नुसत्या पीठपाण्याच्या असतात, आणि वर टोमॅटो-लसणाचा रस्सा. सासूबाईंनी एक शेवई काट्यावर उचलून निरखली. "हातावर वळल्यात. मशीनच्या नाहीत." त्यांनी बशी पुसून खाल्ली. पाव मात्र त्यांना पटला नाही. तो तिथे बिनमिठाचा करतात. "आज यांचा उपास असेल," असं त्यांनी ठरवलं आणि रश्श्यात बुडवून संपवला. शेवटी बदाम, मध आणि मसाल्याची चिवट वडी आली. ती त्यांना इतकी आवडली की पुण्याच्या नातेवाइकांसाठी दोन डबे घेतले. डिंकाचा लाडू चपटा करून ठेवलाय, असं त्यांचं मत.

दोन दिवस आम्ही मनसोक्त हिंडलो. मुलीने डिस्नेलँडचं नाव काढलं नाही. मोठ्या चर्चच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या खांबांमध्ये तिने आजीला फिरवून आणलं आणि ती चक्क मराठीत बोलत होती, कारण आजीला दुसरं काही कळत नव्हतं.

रोमला परत निघालो त्या सकाळी नवरा नकाशा घेऊन पुढचं दार उघडत होता. सासूबाई म्हणाल्या, "तू मागे बस. मला हिच्याशेजारी बसायचंय."

"आई, नकाशा कोण बघणार?"

"तू बघितलास तेवढा पुरे."

तो हसत मागे गेला. थोडं पुढे गेल्यावर सासूबाईंनी माझ्या पायाखालच्या पेडलांकडे बोट दाखवलं. "ते तिसरं कशाला?"

मी समजावलं. क्लच दाबायचा, गिअर बदलायचा, आणि मग सोडायची घाई करायची नाही. कधी बदलायचा ते इंजिनाच्या आवाजावरून कळतं. त्यांनी मान डोलावली आणि ऐकत राहिल्या. मध्येच संत्रं सोलून एकेक फोड माझ्या तोंडात घालत होत्या. एक चढ लागला, इंजिन कण्हायला लागलं, आणि मी हात हलवायच्या आत त्या म्हणाल्या, "बदल आता."

मी बदलला. रोम येईपर्यंत त्या सांगत होत्या आणि मी बदलत होते. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.