उंबरातलं पाणी, निरंक

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगते, कारण त्या अक्षरानं मला आयुष्यभर कामाला लावलंय. माहेर माझं कामथडीचं, हायवेच्या कडेचं. तिथं शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे असायचं. लग्न होऊन मार्गासनीच्या पुढं, आत डोंगरात आले आणि आठ दिवसांत गावाला कळलं की नव्या सुनेचं अक्षर मोत्यासारखं आहे. झालं. रेशनकार्डाचा अर्ज, बचत गटाचा ठराव, कुणाच्या म्हशीचा विमा, सगळं माझ्या ओट्यावर. तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, पण फॉर्म आधी भरून पाहिजे. आमच्या तालुक्याचं नाव कागदावर बदललं तेव्हाही लोक मलाच विचारायला आले, की आता अर्जावर काय लिहायचं. एसटीत मात्र आम्ही अजून 'एक वेल्हे' असंच तिकीट मागतो.

गावाच्या वर, डोंगराच्या पोटात एक जुना उंबर आहे. त्याच्या मुळांतून पाणी येतं. धार करंगळीएवढी, पण वैशाखातसुद्धा तुटत नाही. आम्ही त्याला उंबरातलं पाणी म्हणतो. त्याच्याही वर धनगरांची आठ घरांची वाडी आहे. उन्हाळ्यात खाली आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, वाडीला तर नळच नाही. त्यांच्या म्हशी, शेरडं आणि माणसं, सगळी त्या धारेवर जगतात.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमाराला पंचायतीच्या फळ्यावर तहसीलची नोटीस लागली. रस्त्याच्या कामासाठी आमच्या डोंगराचा मुरूम काढायचा, त्याला कुणाची हरकत आहे का, अशी. गट नंबर बघितला तर तो उंबराचाच उतार. आणि खाली एक ओळ होती: सदर क्षेत्रात नैसर्गिक जलस्रोत आढळत नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली आणि माझं डोकंच फिरलं. आढळत नाही म्हणे. अरे, कुणी शोधलं होतं?

दुसऱ्या दिवशी वाडीवरचे आबा खाली आले. वय पंचाहत्तरच्या पुढं, बोलणं मोजकं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाय, त्यो डोंगुर खणला तर पाणी जाईल. मंग आमी जनावरं घिऊन कुठं जायाचं, तेवढं सांग."

मी कागद घेतला आणि हरकत लिहिली. एवढंच मला येतं.

हरकत द्यायला आम्ही वेल्ह्याला गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज नीट वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाला, "ताई, झरा आहे हे नुसतं सांगून चालत नाही. कागद लागतो. प्रत्येक गावाची जैवविविधता नोंदवही असते, झाडं, प्राणी, झरे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या पंचायतीतून तिची प्रत काढा आणि सुनावणीला जोडा. विषय संपला." सुनावणी पावणेदोन महिन्यांवर होती.

मी येताना एसटीत इतकी खुशीत होते की शेजारच्या बाईला अर्धी भेळ दिली. सरकारच्याच वहीत आमचा झरा आहे, तोच कागद सरकारपुढं ठेवायचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आमचे ग्रामसेवक, ज्यांना सगळा गाव भाऊसाहेब म्हणतो, तेव्हा नवीनच बदलून आले होते. त्यांना वही मागितली तर म्हणाले, "शोधतो." आठवड्यानं विचारलं, "शोधतोय." मग मी माहितीच्या अधिकाराचा रीतसर अर्ज लिहिला, कोर्ट फीचं तिकीट डकवलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"अहो वहिनी, आपण रोज भेटतो. तोंडी सांगा की."

"तोंडी सांगितलं होतं. आता तीस दिवस मोजते."

माणूस चांगला होता, उगाच कशाला खोटं बोलू. एकोणतिसाव्या दिवशी स्वतः घरी आला, धुळीनं केस पांढरे झालेले. वही कपाटावर, निवडणुकीच्या जुन्या याद्यांखाली सापडली होती. प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येकावर शिक्का आणि सही. त्यांना चहा दिला, वाटेला लावलं आणि मी ओट्यावर बसून पानं उलटायला लागले.

नैसर्गिक झरे: निरंक. म्हणजे सरकारी भाषेत, काही नाही.

खेकडे: निरंक. मध: निरंक. रानभाज्या: निरंक. करवंदं: निरंक. करवंदांच्या जाळीला खेटून आमचं घर आहे, उन्हाळ्यात पोरांच्या सदऱ्यांचे डाग निघत नाहीत, आणि करवंदं निरंक. वाचणाऱ्याला वाटावं, आमचं गाव वाळवंटात आहे. एकाच रकान्यात 'भरपूर' लिहिलं होतं. तो रकाना पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यांचा होता.

मी मनातल्या मनात त्या लिहिणाऱ्याचा उद्धार केला. कोण हा मूर्ख, कुठं बसून लिहिलं यानं? आणि मग माझी नजर 'निरंक'मधल्या क वर गेली. क ची शेपटी मी जरा लांब ओढते. शाळेत बाई त्यासाठी ओरडायच्या.

ते अक्षर माझं होतं.

मग हळूहळू आठवलं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या दोन मुली फॉर्म घेऊन आल्या होत्या, उन्हानं लाल झालेल्या, पायाला फोड आलेले. मी त्यांना ताक दिलं आणि म्हटलं, तुम्ही विचारा, मी लिहिते. उत्तरं देत होत्या आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सुना सासूला आत्याच म्हणतात. मुली विचारत, झरा? आत्या म्हणत, न्हाई बाई. खेकडं? मेली समदी. मध? कुठला आलाय. मला तेव्हा कळत होतं की आत्या खोटं बोलतायत. पण त्यांनी माझ्याकडं एकदा असं बघितलं की माझा हात आपोआप चालायला लागला. आणि इतके फॉर्म भरलेत मी आजवर, की कुठल्यात काय लिहिलं ते देवालाच ठाऊक.

दोन दिवस मी ती पानं डाळीच्या डब्यामागं लपवली. लाज वाटत होती. आबांना काय सांगू? सरकारनं नाही, मीच तुमचं पाणी पुसलं? तिसऱ्या दिवशी आत्या डाळ काढायला गेल्या आणि पानं त्यांच्या हातात आली. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का ओळखता येतो.

"काय ल्हिवलंय?"

मी वाचून दाखवलं. आवाज चढला माझा. म्हटलं, "तुमच्यामुळं झालं हे. त्या पोरींना खरं सांगायला तुमचं काय जात होतं?"

आत्या खाली बसल्या. बोटानं जमिनीवर रेघा ओढायला लागल्या.

"मी धा वर्साची व्हते. आमच्या गावात धरणाची माणसं आली. माझ्या बापानं हौसंनं समदं दाखवलं. हितं हिर, हितं आंबं, ह्यो फणूस. त्यांनी झाडावर चुन्यानं नंबर टाकलं. बापाला वाटलं, सरकारला आपल्या आंब्याचं कवतिक. दोन वर्सानी त्या आंब्यावरनं पाणी गेलं. तवापास्नं म्या ठरिवलं. इच्यारलं तर न्हाई म्हनायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझा राग कुठल्या कुठं गेला. आत्यांचा मला नेहमी धाक वाटायचा, त्या दिवशी पहिल्यांदा माया वाटली. मी चहा ठेवला.

भाऊसाहेबांकडं गेले आणि सगळं खरं सांगून टाकलं, क च्या शेपटीसकट. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "वहिनी, वही काय दगडावरची रेघ नाही. ग्रामसभेत ठराव करून नोंद दुरुस्त करता येते. पण सांगणारा माणूस पाहिजे, सही करून सांगणारा. सुनावणीला बारा दिवस आहेत, मी उद्याच सभेची नोटीस काढतो."

ग्रामसभेला एरवी आमच्याकडे खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. त्या दिवशी वाडीवरची आठही घरं खाली उतरली होती, देवळाचा मंडप भरला. मी वही घेऊन बसले आणि सुरुवातीलाच जुनं पान वाचून दाखवलं. करवंदं निरंक म्हटल्यावर हशा पिकला. मग झऱ्याचं वाचलं. आबा माझ्याकडंच बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आत्या उभ्या राहिल्या. आजवर त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या.

"त्ये म्या सांगितलं व्हतं. खोटं सांगितलं. सुनंचा काय दोष न्हाई, तिनं निस्तं ल्हिवलं. उंबरात पाणी हाय. मी नांदायला आले तवापास्नं हाय. ल्हिव ग."

मी लिहिलं. आत्यांनी अंगठा उठवला. आबा उठले, त्यांनी अंगठा उठवला, आणि जाता जाता आत्यांना म्हणाले, "वैनी, आमाला इच्यारलं असतं तर आमीबी न्हाईच म्हनलो असतो."

मग काय विचारता. बांध फुटावा तशी माणसं बोलायला लागली. खेकडे कुठल्या ओढ्याला, मोहोळ कुठल्या कड्याला, शेकरूचं घरटं कुठं. ज्यांनी सख्ख्या भावाला जागा सांगितल्या नव्हत्या ते सभेत सांगत होते. माझा हात दुखायला लागला. शेवटी एक रकाना राहिला. मी वाचलं, "रानातली अळंबी."

जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. आषाढात वारुळांवर अळंबी उगवते, चार दिवसांचा खेळ, आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली आणि लपवलेली असते. माझ्या घराचीही होती. ती मला इतक्या वर्षांत कुणी दाखवली नव्हती. आत्या पहाटे एकट्या जायच्या आणि पदर भरून आणायच्या.

आत्यांनी भाऊसाहेबांना विचारलं, "ही वही कुनीबी मागू शकतं?"

"हो आजी, कुणीही. पुण्याच्या माणसानं अर्ज केला तरी द्यावी लागते."

आत्यांनी क्षणभर विचार केला. पानशेतकडं शनिवार-रविवारी जाणाऱ्या गाड्यांची रांग बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी. "मंग आमच्यात अळंबी उगवत न्हाई."

"न्हाई, न्हाई," सगळा गाव एका सुरात म्हणाला. आबासुद्धा. मी भाऊसाहेबांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते. मी लिहिलं, निरंक. क ची शेपटी जरा जास्तच लांब ओढली.

सुनावणीत नवी नोंद बघून तहसीलदारांनी जागेवर जाऊन पंचनामा करायला सांगितलं. भर वैशाखात सर्कलसाहेब, म्हणजे मंडळ अधिकारी, आले. आत्या पुढं, साहेब मागं. त्यांनी तीनदा विचारलं, अजून किती लांब, आणि तीनही वेळा आत्या म्हणाल्या, हे काय, आलंच. उंबराखाली पोचले तेव्हा साहेबांचा शर्ट पिळून निघेल इतका भिजला होता. त्यांनी काही विचारलं नाही. बूट काढले, ओंजळ धरली आणि प्यायले. पुन्हा धरली, पुन्हा प्यायले. वाडीच्या दोन म्हशी शेजारी आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या. मग साहेब दगडावर बसले आणि लिहायला घेतलं. घामानं कागद ओला होत होता म्हणून तो मी धरला.

त्या उताराची परवानगी नाकारल्याचं पत्र महिन्याभरात आलं. मुरूम पलीकडच्या जुन्या खाणीतून निघाला, रस्ताही झाला. आबांना पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. आत्या मात्र अजून दर महिन्याला पेन्शन आणायला जाताना पंचायतीत डोकावतात आणि भाऊसाहेबांना वही काढायला लावतात. वाचता येत नाही, पण आपला अंगठा आहे का तेवढं बघून येतात.

त्याच आषाढात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "पाटी घे आन् चल."

मी टोपली काखेत घेतली. बरंच चाललो. एका ठिकाणी त्यांनी झुडूप बाजूला केलं. समोर वारूळ, आणि त्याच्या अंगाखांद्यावर पांढरीशुभ्र अळंबी, हात लावायला जीव होईना अशी. मी म्हटलं, "आत्या, अठरा वर्षं झाली मला या घरात येऊन. आज का दाखवली?"

"तुझ्या हाताचं भ्या वाटायचं. तू समदं ल्हिवती," त्या वाकून खुडता खुडता म्हणाल्या. "आता तुला कळतंय, काय ल्हिवायचं आन् काय न्हाई."

मला रडू आलं, आणि आत्या म्हणाल्या, रडायचं नंतर, आधी खुड, ऊन चढतंय.

ती जागा कुठं आहे ते विचारू नका. रीतसर अर्ज केलात तरी उत्तर एकच येईल, आणि तेही माझ्याच अक्षरात.