बाकावरचे शेवटचे चौघे

मालतीवन्सं गेल्या, त्याला पाच आठवडे झाले. सांगलीच्या कॉलेजातले त्यांचे विद्यार्थी अजून फोन करतात, मॅडम गणित किती सोपं करून सांगायच्या म्हणतात. मला त्यांचे आभार वेगळ्याच कारणासाठी मानायचेत.

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण पन्नाशीत पीएचडी करायला बसली. विषय असा, की पोटात गेलेली साखर शरीर किती वेगानं वापरतं? तो वेग थेट मोजता येत नाही. मग आधी एक अंदाज धरायचा, त्यावरून रक्तात कधी किती साखर असेल ते समीकरणानं काढायचं, खऱ्या तपासणीशी ताडून बघायचं आणि तफावत कमीत कमी होईपर्यंत अंदाज बदलत राहायचं. ते काम कॉम्प्युटरचं. रक्त काढायचं माझं. इस्लामपुरात माझी लॅब आहे. बाराजण उपाशीपोटी एकदमच ग्लुकोजचं पाणी प्यायले, बाकावर ओळीनं बसले आणि दर अर्ध्या तासाला मी रक्त घेत गेले.

शेवटच्या चौघांचं गणित काही केल्या जुळेना. प्रबंध द्यायला महिना उरलेला. मार्गदर्शक म्हणाले, चौघांना वगळून टाका. वन्सं कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "शोभा, हे चौघे शेजारी शेजारी बसले होते. चौघांची शरीरं एकदम कशी बिघडतील गं?"

मला तिथंच उमगलं... हात एकटीचे. शेवटच्या माणसापर्यंत पोचायला पंधरा मिनिटं जायची. तक्त्यात मात्र मी बाराही जणांपुढं एकच वेळ लिहिली होती. तक्ता नीट दिसतो म्हणून. गप्प राहिले असते तर चौघे वगळले गेले असते आणि माझ्या लॅबला कुणी नावं ठेवली नसती. पण सांगितलं.

"बरं झालं बोललीस," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. बाराजणांना पुन्हा बोलावलं. मिलिटरीतून रिटायर झालेले आमचे शेजारी पेला हातात घेऊन म्हणाले, "आवं मॅडम, माझ्या लग्नात बी एवढं गोड पाजलं न्हाई कुणी." या खेपेला वन्सं घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहिल्या, मी सुई काढली की मिनिट लिहायच्या. गणित जुळलं. आधीची चूक कशी झाली ते प्रबंधात छापलंय, आणि आभाराच्या पानावर पहिलं नाव माझं आहे.

त्या गेल्या तेव्हा मी पलंगापाशीच होते. सिस्टर कागद भरत होत्या. साडेसहा लिहू ना, म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "सहा सत्तावीस लिहा."