पाहुण्यांना वटवाघळं दिसता कामा नयेत

आमच्या घराच्या मागे देवीची राई आहे आणि राईत वटवाघळं आहेत. किती आहेत ते विचारू नका. एकदा कुठल्याशा कॉलेजातले दोघे मोजायला आले होते. संध्याकाळी माना वर करून उभे राहिले, मग माना चोळत चहा प्यायले आणि "बरीच आहेत" असं सांगून निघून गेले. एवढं आम्हालाही ठाऊक होतं.

दिवसभर ती बेहड्याच्या आणि वडाच्या फांद्यांना उलटी टांगलेली असतात. झोपतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमची झोपत नाहीत, भांडतात. फांदी कोणाची, तू माझ्या अंगावर का सरकलास, तुझा पंख माझ्या हद्दीत कसा आला, हे सगळं कर्कश आवाजात चालू असतं. आमच्या वाडीत राहून भाऊबंदकीशिवाय दुसरं काय शिकणार बिचारी! वासाचं म्हणाल तर तो घरच्या माणसाला येत नाही. बाहेरचा माणूस मात्र उंबरठ्यावर थबकतो, नाक उचलतो आणि सभ्य असेल तर काही बोलत नाही. आमच्याकडे छत्री बारमाही लागते. दोरीवरचे कपडे दिवस कलायच्या आत उचलावे लागतात, नाहीतर पांढऱ्या सदऱ्याचा छापील सदरा होतो.

ही वाडी पोलादपूरहून उमरठच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. रात्रपाळी असली की संध्याकाळी वटवाघळं आणि मी एकदमच घराबाहेर पडायचो. ती हवेतून, मी मोटारसायकलवरून. त्यांना घाटातले खड्डे लागत नसत, एवढाच फरक.

तर त्या वर्षी मी चौतीस वर्षांचा होतो. नोकरी होती, दात शाबूत होते, दारू पीत नव्हतो, आणि लग्न जमत नव्हतं. पूर्वी मुलाकडचे मुलगी बघायला जायचे. आता आमच्या भागात मुलीकडचे मुलाचं घर बघायला येतात, आणि आम्ही दारात नवरीसारखे खाली मान घालून उभे राहतो. पाहुणे यायचे, पोहे खायचे, परसात जायचे, वर बघायचे आणि "कळवतो" म्हणायचे. एका मुलीच्या आत्याने तर खरोखरच कळवलं. म्हणे, घर चांगलं आहे, मुलगाही बरा आहे, पण मागच्या झाडांवर भुतं वाळत घातलीत.

झालं. वाडीला कारण सापडलं. वास्तविक आमच्या वाडीत माझ्यासारखे आणखी पाचसहा घोडनवरे होते आणि त्यांच्या घरामागे साधं चिमणीचं घरटंही नव्हतं. पण असल्या गोष्टी कोण ध्यानात घेतो? माझ्या चुलत्याने जाहीर करून टाकलं की पोराचं लगीन वाघळांनी अडवलंय. चुलता म्हणजे वाडीतला न नेमलेला पुढारी. एखादी गोष्ट तो मोठ्याने बोलला की ती खरी होते. आईलाही ते पटलं. आई दिवसातून एकदा तरी राईकडे बघून "मेल्यांनो" म्हणायची आणि मग त्यांनी खाली टाकलेल्या देशी बदामाच्या बिया वेचून, फोडून, मला खायला घालायची.

राई देवीची. तिथली काटकीसुद्धा देवीला विचारल्याशिवाय तोडायची नाही, असा रिवाज. म्हणून चुलत्याने कौल लावायचं ठरवलं. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या चिकटवल्या. उजवी कळी आधी पडली तर झाडं तोडायला हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. चुलता म्हणाला, प्रश्न नीट विचारला नाही. दुसऱ्यांदा सगळं तपशीलवार विचारलं, मुलाचं वय, पगार सगळं. परत डावी. तिसऱ्या वेळेला चुलत्याने उजव्या कळीला पाणी जरा कमीच लावायला सांगितलं, म्हणजे ती लवकर सुटेल. ती सुटलीच नाही. संध्याकाळी देवळाचं दार ओढून घेतलं तेव्हाही ती देवीच्या खांद्याला घट्ट चिकटून होती. मला वाटतं, लग्नाच्या बाबतीत देवीचं स्वतःचं काही मत असावं.

मग शिमग्याला मुंबईकर मंडळ आलं. मुंबईकरांना गावाकडचा प्रश्न दिसला की ते आधी त्याच्यापुढे स्पीकर लावतात. त्यांनी राईकडे तोंड करून स्पीकर लावले आणि दिवाळीत उरलेले सुतळी बॉम्ब फोडले. वटवाघळं भर दुपारी उठली, आभाळ काळं झालं, खोऱ्यावर दोन घिरट्या मारून ती पुन्हा आपापल्या फांदीवर येऊन लटकली आणि झालेल्या प्रकाराबद्दल रात्र पडेपर्यंत आम्हाला शिव्या देत बसली. शेळ्या मात्र पळाल्या त्या पलीकडच्या वाडीत सापडल्या.

एवढं झाल्यावर एक स्थळ आलं. मुलगी बिरवाडीजवळची, वसाहतीतच एका कंपनीत पॅकिंगला. वडील नव्हते. मामाने वाढवलेली. मामाचा टेम्पो होता. फोटो बघून तिने "घर बघू" असं सांगितलं होतं, म्हणजे निम्मी लढाई जिंकल्यासारखंच. आई मला म्हणाली, "ही गेली तर मग मी कोणाला बोलवायची नाय. माझ्या जिवात आता दम नाय रे." ती हे हसत बोलली, पण मला ते लागलं. माझ्या लग्नाची गरज माझ्यापेक्षा तिला जास्त होती. घरात दिवसभर बोलायला दुसरं माणूस नव्हतं.

चुलत्याने योजना आखली. पाहुण्यांना सकाळी बोलवायचं, जेवू घालायचं, ऊन असेपर्यंत वाटेला लावायचं. मागचं दार बंद. परसात नेणं नाही. झाडांवर काय टांगलंय असं कोणी विचारलंच तर वाळकी पानं म्हणून सांगायचं. उदबत्त्या आणल्या. टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा, म्हणजे मागची भांडणं ऐकू जाणार नाहीत.

सकाळी पाहुणे आलेच नाहीत. मुलीच्या जागी येणारा रिलिव्हर आला नव्हता, सुट्टी मिळाली नाही, पहिली पाळी करूनच निघावं लागलं. टेम्पो आमच्या अंगणात शिरला तेव्हा उन्हं डोंगराला टेकली होती. चुलत्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तरी तो पुढे झाला आणि "या पावनं, या, उशीर झाला, लगेच निघावं लागंल ना?" असं स्वागत केलं.

मामा म्हणजे भला माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. मुलगी कंपनीतून परस्पर आली होती, केस ओले करून विंचरलेले, डोळ्यांत झोप. तिने नाक उचललं नाही. खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि टीव्हीकडे बघत विचारलं, "आवाज थोडा कमी करता का?"

"रिमोट बिघडलाय," चुलता म्हणाला.

आईने चहा इतक्या घाईने आणला की त्यात साखर नव्हती. मामाने तो गोड मानून घेतला. शेती किती, भाऊ किती, पाणी कुठलं, असे प्रश्न झाले. मी दिलेली उत्तरं मलाच ऐकू येत नव्हती. टीव्हीवर कोणीतरी आचाऱ्याच्या आवेशात पनीर परतत होता. आणि नेमकी लाइट गेली.

पनीर गेलं. पंखा थांबला. आणि त्या शांततेत मागच्या राईतला कलकलाट असा काही घरात घुसला की मामाच्या हातातली बशी वाजली. निघायच्या आधी वटवाघळांची रोज शेवटची मोठी भांडणं होतात. तीच लागली होती.

"कसला आवाज हो?" मामाने विचारलं.

"पाण्याची मोटर," चुलता म्हणाला.

मुलीने वर पंख्याकडे बघितलं. "लाइटीशिवाय चालते?"

चुलत्याने आयुष्यात अनेक सभा जिंकल्या आहेत, पण आता तोही पंख्याकडे बघायला लागला. मुलगी उठली, स्वयंपाकघरातून सरळ मागच्या दाराशी गेली आणि कडी काढली. तिच्यामागे मामा, मामामागे चुलता हात पसरून, त्याच्यामागे मी आणि शेवटी आई. सगळी वरात परसात येऊन उभी राहिली.

आधी एक उडालं. ते रोज एकटंच उडतं, राईवर एक फेरी मारतं आणि परत जाऊन बसतं. मग पाचदहा. मग बेहड्याची एक अख्खी फांदी हलली, मोकळी झाली आणि वर उचलली गेली. त्यानंतर मोजदाद संपते. राईच्या डोक्यावरून ती निघाली, हातभर रुंद पंखांची, सावकाश, एकामागून एक, कोणाला ढकलणं नाही की ओरडणं नाही. दिवसभर फांदीवरून भांडणारी हीच का, असा प्रश्न पडावा. आभाळ अजून तांबूस होतं आणि त्यावर ती खालच्या खोऱ्याकडे, सावित्रीच्या अंगाला चालली होती. एक रांग डोंगराआड जाईपर्यंत दुसरी राईतून उठत होती. पंखांचा आवाज तेवढा येत होता, ओला कपडा झटकावा तसा. जन्मापासून बघतोय मी हे. लग्न मोडणारी म्हणून त्यांना शिव्या घालताना विसरलो होतो, पण ते सुंदरच असतं. मला आवडतं ते. त्या दिवशीही आवडलं, नको त्या वेळी.

तेवढ्यात मामाच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशावर, वरून प्रसाद पडला.

"आमच्यात हे लय शुभ मानतात," चुलता ताबडतोब म्हणाला.

मामाने खिशाकडे बघितलं, चुलत्याकडे बघितलं आणि रुमाल शोधायला लागला. आईने तोंडाला पदर लावला. मला आधी वाटलं ती रडतेय. ती हसत होती. मग ती पुढे होऊन मुलीशेजारी उभी राहिली, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"आता नदीवर जातील पाणी प्यायाला," आई तिला सांगायला लागली. "सावरी फुलल्यात ना, त्याच्यावर पण जातात. काय काय तर पार महाडच्या पुढं जातात, हा बोलतो. कामावर जाताना ह्याच्या डोक्यावरनंच जातात."

"तुम्ही जाता काय काकी कधी महाडला?"

"गेल्ती ना. ह्याचे बापूस आजारी व्हते तवा, दवाखान्यात. म्हंजी दवाखानाच बघितला."

मुलगी वळून माझ्याकडे बघून बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे बघा, मला आडपडदा नाय जमत. वाघळांचं मला काय नाय. तुम्ही पण चालाल. पण मी इथं नाय ऱ्हाणार. नोकरी सोडायची नाय मला. बिरवाडीत खोली घ्यायची असंल तर हो, नायतर चहा झालाच हाय."

मामा रुमाल हातात धरून खाली बघायला लागला. चुलत्याचा चेहरा बघून मी ओळखलं की आता घराण्याची इज्जत राखायची पाळी माझी आहे. लग्न हवं होतं मला, देवाशपथ हवं होतं. आणि मुलगीही आवडली होती. पण मी छाती पुढे काढली आणि सगळे मुलगे बोलतात ते बोललो.

"आईला सोडून मी नाय येणार. आणि आई हे घर सोडून हलायची नाय. तिचा जीव हाय हितं."

"बघ," चुलता तृप्त होऊन म्हणाला. "संस्कार!"

मुलीने मान हलवली आणि चपलांकडे वळली. राईतून अजून वटवाघळं निघत होती. मला वाटलं, संपलं. वाईट वाटत होतं आणि आतून स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता.

"कोण बोललं?" आईने विचारलं.

मला कळेना कोणाला विचारतेय.

"माझा जीव हितं हाय म्हणून तुला कोण बोललं? मी बोलल्ये?" ती माझ्याकडे बघतही नव्हती. आभाळाकडे बघत होती. "तुझा बापूस मुंबईला जायाचा. तू कामावर जातोस. लगीन होऊन आल्ये तवापासनं ह्या मेल्यांना पण रोज सांजचं जाताना बघत्ये. समदी जातात. मला कोण एकदा तरी बोललं काय, चल म्हणून?"

लग्न, मुलगी, इज्जत, सगळं क्षणभर डोक्यातून गेलं. आईकडे बघायची हिंमत होईना.

मुलगी चपलेत एक पाय घालून तशीच उभी होती. तिने तो पाय परत काढला.

"चला की मग, काकी."

आईने वर बघायचं सोडलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कधी?" तिने विचारलं.