फर्म्याचं पहिलं पान

छापखान्यात त्यांना सगळे टाकेबाई म्हणत. ख्रिस्ती मंडळीचा छापखाना तो. चर्चच्या मागच्या आवारातली बैठी इमारत, उंच खिडक्या आणि आत कायमचा शाईचा आणि खळीचा वास. तिथे छापलं जाई ते सगळं एकाच वाटेचं: प्रार्थनेची पुस्तकं, उपदेश, चिंतनं, विश्वासाने रोजचा दिवस कसा काढावा आणि कृपा म्हणजे नेमकं काय हे समजावून सांगणारी जाडी-बारकी पुस्तकं. एकूण एक पुस्तक टाकेबाईंच्या सुईखालून जाई.

मोठा छापील कागद घड्या घालून त्यांच्या टेबलावर येई. त्या घडीच्या जुडीला छापखान्यात फर्मा म्हणतात. एकेक फर्मा घ्यायचा, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, कण्यातून दोरा ओवायचा, पुढच्या फर्म्याशी बांधायचा. कडा कापायचं काम नंतरचं, पलीकडच्या खोलीतल्या कटिंगवाल्याचं. तोवर फर्मा वरून बंद असतो. बाहेर दिसतं ते पहिलं पान आणि शेवटचं. बाकीची पानं पोटात.

तर टाकेबाईंचं सगळं वाचन हे असं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्या धर्मावरची पुस्तकं वाचत आल्या होत्या, पण कोणत्याही पुस्तकाचं पोट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोट घालून डोकावता आलं असतं, नाही असं नाही. पण बोट घातलं की घडी फुगते, आणि फुगलेली घडी बाईंना अजिबात खपत नसे. पुस्तक बांधून झाल्यावर विकत घेऊन वाचावं, तर तेही त्यांच्या मनात येत नसे. खरं सांगायचं तर त्यांना हे असंच आवडे. हाताला सवयीचं काम असलं की मन मोकळं सुटतं. पहिलं पान जिथे तुटे तिथून बाई पुढचं पान स्वतः रचत. खिडकीतून ऊन टेबलावर उतरे, कागदाची धूळ त्यात तरंगत राही, आणि बाईंच्या डोळ्यांसमोर पान उमटत जाई. समासासकट, वर पृष्ठांक घालून. दुपार कधी कलली हे त्यांना कटिंगवाल्याच्या हाकेने कळे.

"टाकेबाई, कुठल्या गावाला गेलात?"

"तुझ्या यंत्राचा आवाज नसतो त्या गावाला," बाई म्हणत.

अशाच एका दुपारी, पुष्कळ वर्षांपूर्वी, बाईंच्या माहेरच्या गावाकडचा एक कागदवाला छापखान्यात आला होता. ओळख निघाली तसा तो हळहळून म्हणाला, "तुमच्या आईचं कळलं, फार वाईट वाटलं." बाईंच्या हातात सुई होती. आईचं काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आई जाऊन, मातीही होऊन, महिना उलटला होता.

घरी आईजवळ बाईंची थोरली बहीण होती. तिने लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. धाकटी नवऱ्यामागे या शहरात आली, शिलाई शिकली, आपल्या संसारात रमली. थोरलीने तिला आई आजारी असल्याचं कळवलं नाही, गेल्याचं कळवलं नाही. का, तेही नाही. त्या दिवशी बाईंनी हातातलं पुस्तक पुरं शिवलं, दोरा तोडला आणि थोरलीचं नाव टाकलं. घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरा मोठा बोलका माणूस, पण या एका विषयावर तोही तोंडाला कुलूप लावून असे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका म्हाताऱ्या पाळकांचं चिंतनाचं पुस्तक शिलाईला आलं. मधल्या एका फर्म्याचं पहिलं पान क्षमेवर होतं. ते असं संपत होतं: 'ज्याने तुम्हाला सर्वांत खोल दुखावलं, तेच माणूस एके दिवशी तुमच्या दारात येऊन उभं राहिलं, तर'. आणि पान तुटलं. पुढचं पान पोटात.

त्या पुस्तकाच्या जितक्या प्रती निघाल्या, तितक्या वेळा ते 'तर' बाईंच्या बोटांखालून गेलं. आधी बाई रागाने पुढचं रचत. तर दार लावून घ्यावं. तर विचारावं, आता कशाला आलीस? पण ही वाक्यं पुस्तकाच्या भाषेत काही केल्या बसेनात. पाळक असं कुठे लिहितात? मग हळूहळू, प्रतीमागून प्रत शिवताना, दुसरंच पान तयार होत गेलं. 'तर दार पूर्ण उघडावे. काही विचारू नये. बसायला खुर्ची द्यावी. कृपा मोजून दिली जात नाही, आणि मागणाऱ्याची लायकीही पाहत नाही.' हे पान बाईंनी मनात इतक्या वेळा घोटलं, की ते आपण रचलंय हेच त्या विसरून गेल्या. पुस्तकात तसं लिहिलंय, आपण ते वाचलंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही.

आणि मग एका दुपारी थोरली खरोखरच दारात उभी राहिली.

दार घड्याळवाल्यांनी उघडलं. थोरलीची शेजारीण तिला हाताला धरून घेऊन आली होती. थोरलीच्या एका हातात कापडी पिशवी. डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच, दाराच्या चौकटीवर. "हिला आता दिसत नाही हो," शेजारीण म्हणाली. "एकटीने कसं निभावणार? मला दुसरं कोणी माहीत नव्हतं."

घड्याळवाल्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. बाई खुर्चीतून उठल्या. तोंडापर्यंत आलेलं भलतंच होतं, पण त्या क्षणी ते पान समोर आलं, समासासकट. त्यांनी तीच खुर्ची पुढे ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "पण एक ऐकून ठेव. हे मी करत नाहीये. पुस्तकात लिहिलंय म्हणून करतेय. तुझ्या-माझ्यात काही मिटलंय असं मनात आणू नकोस."

"बरं," थोरली म्हणाली, आणि चाचपडत बसली.

त्या दिवसापासून थोरली तिथेच राहिली. खिडकीजवळची खाट तिची झाली. बाई तिची वेणी घालत, चहाचा कप तिच्या हातात नीट बसवत, आंघोळीचं पाणी काढून देत. काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. पण दोघी एकमेकींना कशानेही हाक मारत नसत. बाई म्हणत, "चहा ठेवलाय." थोरली म्हणे, "घेतला." अशा बोलण्यावर वर्षं निघून गेली. घड्याळवाले चेष्टेने म्हणत, "या घरात दोन घड्याळं आहेत, दोन्ही चालू आहेत, फक्त एकीचा काटा दुसरीला दिसत नाही." यावर दोघीही हसत नसत. मग ते बिचारे आपल्या भिंगात डोळा घालून बसत.

थोरली कधीकधी संध्याकाळी विचारी, "ते पुस्तक कुठलं?"

"आहे एक. पाळकांचं."

"मला एकदा वाचून दाखव ना ते पान. ज्याच्या जिवावर मी इथे आहे, ते तरी कळू दे."

"बघू," बाई म्हणत. पुस्तक घरात नव्हतंच.

पण ते एक दिवस आलं. चर्चच्या वाचनालयातली जुनी प्रत, लोकांनी हाताळून हाताळून खिळखिळी केलेली, टाके निसटलेले. पुन्हा शिवायला म्हणून टाकेबाईंच्या टेबलावर ठेवली गेली. बाईंनी ती लगेच ओळखली. आता छापखान्यातला उजेड त्यांच्या डोळ्यांना पुरत नसे, म्हणून असली दुरुस्तीची कामं त्या घरी नेत. सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, त्या सुई-दोरा घेऊन खिडकीशी बसल्या. घर शांत होतं. पडदा सावकाश आत येत होता, बाहेर जात होता. घड्याळवाले आरामखुर्चीत पेंगत होते.

"ते पुस्तक आलंय," बाई म्हणाल्या. आवाजात थोडा तोराही होता, लपवायचं कशाला.

थोरली खाटेवर उठून बसली. पदर नीट केला. "वाच."

बाईंनी सुटा झालेला तो फर्मा हातात घेतला. कडा कापलेल्या होत्या, पानं मोकळी होती. त्यांनी स्पष्ट आवाजात पहिलं पान वाचलं. एकेक शब्द ओळखीचा. "...तेच माणूस एके दिवशी तुमच्या दारात येऊन उभं राहिलं, तर," आणि त्यांनी पान उलटलं.

तिथे त्यांचं पान नव्हतं.

बाईंनी पुन्हा मागे पाहिलं, पृष्ठांक पाहिला. क्रम बरोबर होता. पण 'दार पूर्ण उघडावे' कुठेच नव्हतं. खुर्ची नव्हती. इतकी वर्षं ज्या भिंतीला आपण पाठ लावून बसलो, ती तिथे नव्हतीच.

"थांबलीस का?" थोरलीने विचारलं.

आता बघा, समोरच्या माणसाला दिसत नव्हतं. बाईंना त्यांचं पान तोंडपाठ होतं. ते घडाघडा म्हणून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? ओठांवर आलंही होतं. पण ज्या बाईने जन्मात एक फर्मा मागेपुढे लावला नाही, तिच्याने पुस्तकात भलतं पान घालवेना. त्यांनी होतं ते वाचलं.

"तर घाई करू नये. मनात राग ताजा असताना दार उघडले, तर पाहुण्याबरोबर रागालाही आपण जेवायला बसवतो, आणि मग तिघेही उपाशी उठतात. आज दार उघडवत नसेल, तर खिडकी उघडावी. तेवढेही पुष्कळ आहे. देव आपल्याकडून उसने अवसान मागत नाही. कृपा सावकाश आली तरी ती कृपाच असते."

पडदा आत आला, बाहेर गेला. आरामखुर्चीतलं घोरणं थांबलं होतं. घड्याळवाले जागे होते, पण डोळे मिटून पडून राहिले. शहाणा माणूस.

"म्हणजे," थोरली हळू म्हणाली, "मला घरात घे, असं त्यात नाहीच?"

"नाही."

"तू तर म्हणाली होतीस..."

"मला वाटायचं तसं आहे. मी वाचलंच नव्हतं. मीच रचलं होतं." बाईंना स्वतःचाच राग आला, लाज वाटली, आणि जेवणाच्या टेबलाशी इतकी वर्षं मांडलेली ती रागाची खुर्ची त्यांना स्पष्ट दिसली. त्या पाळकांनी लिहिलं होतं तेही खोटं नव्हतं. राग रोज जेवायला बसत होता. आणि तरीही दार उघडलं होतं, ते कोणी न सांगता, त्यांनी स्वतः.

मग थोरली बोलायला लागली, आणि खिडकीकडे तोंड करूनच बोलली.

"मी तुला का नाही कळवलं, ते तू कधी विचारलं नाहीस. मला वाटायचं पुस्तकात विचारू नको असं असेल. मीही पुस्तकाच्या आड बसले होते बघ. आता सांगते. आईचं सगळं मी करत होते. उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं. आणि शेवटचे दिवस ती फक्त तुलाच हाका मारत होती. मी पुढ्यात बसलेली, हात तिचा माझ्या हातात, आणि तोंडात तू. मला सहन झालं नाही. म्हटलं, तू येऊन उभी राहिलीस तर आई तुझ्याकडे बघत डोळे मिटेल, आणि मी कोण? म्हणून नाही कळवलं. दुसरं काही कारण नव्हतं. आता जा म्हणालीस तर जाईन."

बाईंना संताप आला, असा आला की डोळ्यांपुढे अंधारलं. आईने हाका मारल्या, आणि आपण इथे बसून दुसऱ्यांची पुस्तकं शिवत होतो. सवयीने त्यांची नजर पुढच्या पानावर गेली, आता काय करावं ते पाहायला. पुढच्या पानावर दुसराच विषय सुरू झाला होता.

त्यांनी फर्मा मिटून मांडीवर ठेवला. आणि त्या संतापाच्या तळातून काहीतरी वेगळंच वर येत होतं, ऊबदार, न मागितलेलं. आई आपल्याला हाका मारत होती. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आई त्यांना विसरूनच गेली असेल.

"कशी हाक मारायची?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःला ओळखू आला नाही. "माझं नाव घेऊन?"

"छे. लहानपणची." थोरली अडखळली. मग तिने हाक मारली, शेवट जरा लांबवून, आई परसात उभी राहून मारायची तशी. "मुंगेऽ. सारखं हेच. मुंगेऽ, आलीस का गं."

त्या नावाने हाक मारणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं. एकच माणूस उरलं होतं, आणि ते खिडकीजवळच्या खाटेवर बसलं होतं.

टाकेबाई उठल्या. सुई खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. खाटेवर जाऊन त्या थोरलीला खेटून बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, लहान असताना बसत तशा.

"ताई," त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हण ना."

थोरलीने पुन्हा हाक मारली.